कायद्याचे शिक्षक बाबासाहेब



तुमच्या घरातील किंवा शेजारच्या घरातील एखादा मुलगा, एखादी मुलगी आज वकिलीचे शिक्षण घेत असेल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर तर अशा मुलामुलींनी भरलेले आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडच्या खेड्यांतून ती येतात, चौघे मिळून एक खोली करतात आणि कलमे पाठ करतात. डॉ. बाबासाहेबांच्या नावाचे विधी महाविद्यालय येथे आहे, माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, आणि २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. आपल्या लेकराच्या अंगावर काळा कोट यावा असे तुम्हाला वाटते, आणि ते योग्यच आहे.

परंतु या मुलांना कलमांखेरीज आणखी एका गोष्टीची परीक्षा द्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली कायद्याच्या शिक्षणाचे जे नियम केले, त्यांत एक प्रात्यक्षिक विषय आहे. त्यात मूट कोर्टाला, म्हणजे लुटुपुटीच्या न्यायालयात खटला चालवून दाखविण्याला, ३० गुण. खऱ्या न्यायालयात बसून एक दिवाणी व एक फौजदारी खटला पाहण्याला ३० गुण. आणि वकिलाच्या कचेरीत किंवा कायदेशीर मदत केंद्रात बसून वकील अशिलाशी कसा बोलतो ते पाहणे, त्याची नोंदवही ठेवणे, दाव्याची पूर्वतयारी पाहणे, यांना आणखी ३०. उरलेले १० तोंडी परीक्षेचे. समोरच्या माणसाचे ऐकावे कसे, त्याला विचारावे कसे, आणि हे करताना आपल्या स्वतःच्या मनात काय चालले आहे ते ओळखावे कसे, हाही आता अभ्यासाचा भाग मानला जातो. गावाकडील वडीलधारी माणसे हे ऐकून हसतील. बोलायला का कुणी शिकवावे लागते, असे म्हणतील.

शिकवावे लागते. आणि आपल्या मुलांना ते अधिक नीट शिकवावे लागते. कारण आपला मुलगा वकील होतो तो बहुधा उरात एक अपमान घेऊन. बापाला पाटलाच्या दारात उभे राहावे लागले, आईला विहिरीवरून परतावे लागले, ही आठवण घेऊन तो कॉलेजात येतो. ती आठवण त्याला रात्रभर वाचायला लावते, आणि तीच त्याला भर कोर्टात तोल सोडायला लावते. न्यायाधीशाला संताप ऐकायचा नसतो, पुरावा ऐकायचा असतो. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या बाजूने एकदा पाहावे असे मला वाटते. घटनाकार बाबासाहेब तुम्ही जयंतीच्या सभांतून ऐकले आहेत. कायदा शिकविणारे बाबासाहेब त्या सभांत फारसे भेटत नाहीत. वक्त्यांना तेवढा वेळ नसतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसे. ते गोणपाटही शाळेच्या नोकराने उचलायचे नाही, म्हणून रोज घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे तुम्हाला माहीत आहे. आता पुढची गोष्ट पाहा. कोलंबियातील तीन वर्षांचा अभ्यास आटोपून हाच मुलगा १९१६ साली लंडनला ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी दाखल झाला. तेथील रीत अशी की विद्यार्थ्याने केवळ परीक्षा देऊन भागत नाही, त्याने दर सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या मोठ्या दालनात सर्वांबरोबर बसून जेवले पाहिजे. जुन्या वकिलांच्या शेजारी बसावे, त्यांचे बोलणे ऐकावे, आपले मत मांडावे, वाद झाला तरी पंगत सोडू नये, अशी त्यामागची कल्पना. इंग्रजांच्या साऱ्याच रीती काही घेण्यासारख्या नव्हत्या. पण ज्या देशात पंगतीवरून माणसाची लायकी ठरत होती, त्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याला वकील होण्यासाठी पंगतीत बसण्याची सक्ती व्हावी, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परत यावे लागले. कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत ते रुजू झाले. तेथे शिपाई फायली हातात न देता लांबून टाकीत. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळताच लाठ्या घेतलेली माणसे दाराशी आली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस सामान घेऊन बाहेर पडला आणि रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. पुढे हे प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले. त्यांत स्वतःची असहायता त्यांनी लपविलेली नाही. आपल्याला काय वाटले, आपण काय केले, काय करू शकलो नाही, हे एखाद्या साक्षीदाराच्या जबानीसारखे त्यांनी सांगितले आहे.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकविणार, या भावनेने प्रथम विद्यार्थ्यांनी लक्ष दिले नाही. काही सहकाऱ्यांनी तर प्राध्यापकांच्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास हरकत घेतली. बाबासाहेबांनी भांडण मांडले नाही. तयारी करून शिकवीत राहिले. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागले. त्या पगारातून पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले.

आता त्यांची वकिली पाहू. मुंबईच्या हायकोर्टात तेव्हा बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरांकडून, आणि सॉलिसिटर त्यांना काम देईनात. मग जिल्ह्याच्या न्यायालयांतील बारीकसारीक कामे घ्यायची, आणि पोटासाठी शिकवायचे. १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते हिशेबनिसांना व्यापारी कायदा शिकवीत. विश्वविद्यालये गाजविलेल्या माणसाला हे काम हलके वाटले असते तर नवल नव्हते, पण त्यांनी ते सुमारे तीन वर्षे केले.

त्यांचे अशील कोण होते तेही पाहण्यासारखे आहे. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावर पुण्यात खटला झाला. हे दोघे ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी. त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली आणि ते सुटले. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. कर्वे जन्माने ब्राह्मण, विषय असा की सभ्य माणसे नाव काढायला लाजत. बाबासाहेबांनी तेही वकीलपत्र घेतले. हा खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. जिंकलेले खटले सर्वांच्या लक्षात राहतात. मला हा हरलेला अधिक महत्त्वाचा वाटतो. अशिलाची जात कोणती आणि लोक काय म्हणतील, हे दोन विचार बाजूस सारल्याशिवाय ते काम घेता आलेच नसते.

परंतु आपला विषय जेथे खऱ्या अर्थाने कसाला लागला ते ठिकाण महाड होय.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. सभा संपून लोक परतीच्या तयारीत असताना, अस्पृश्य आता देवळात शिरणार अशी खोटी अफवा उठविण्यात आली, आणि जेवणाऱ्या, विखुरलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेब डाक बंगल्यात होते. आपल्या लोकांत पलटणीत नोकरी केलेले जवान होते. नुसता इशारा मिळाला असता तर त्यांनी गावाला पुरे केले असते. जखमी भाऊबंद डोळ्यांसमोर, हातात बळ, आणि पुढारी सांगतो की हात उचलू नका. तो पुढारी स्वतः संतापलेला नसेल, असे तुम्हाला वाटते काय? लोकांनी ऐकले. हल्लेखोरांविरुद्ध रीतसर फिर्याद झाली आणि त्यांतील काहींना न्यायालयाने शिक्षा दिली. आपल्या लोकांनी त्या दिवशी काठी उचलली असती तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहिले असते, याचा विचार तुम्हीच करा.

डिसेंबरात त्याहून कठीण प्रसंग आला. २५ डिसेंबरला पुन्हा महाडला जमून तळ्याचे पाणी घ्यायचे ठरले होते. त्याआधी काही दिवस प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खाजगी मालकीचे आहे असे म्हणून त्यांनी बाबासाहेब व सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. इकडे जवळजवळ चार हजार माणसांनी सत्याग्रहासाठी नावे दिली होती. घरदार सोडून, भाकरी बांधून, तुरुंगात जायच्या तयारीने ती आली होती. त्यांच्यासमोर उभे राहून, आज पाणी घ्यायचे नाही, असे सांगायचे होते.

हे काम कसे झाले ते नीट पाहा. जिल्हाधिकाऱ्याला सभेत बोलू दिले. लोकांना आपली मते मांडू दिली, आणि बहुतेकांचे मत सत्याग्रह करावा असेच पडले. त्यानंतर बाबासाहेबांनी समजावून सांगितले की आपला झगडा सरकारशी नसून सवर्णांशी आहे, आणि हुकूम मोडला तर सरकारही विरोधात जाईल. हुकुमावर हुकूम सोडून हे होण्यासारखे नव्हते. लोकांची निराशा ऐकून घ्यावी लागली. २७ तारखेला मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून गेली, आणि पाण्याला कोणी हात लावला नाही. त्याच परिषदेत २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झालेले होते, हे विसरू नका. तेव्हा भीतीपोटी माघार घेतली असे कोणी म्हणू शकत नाही.

पुढे तो दावा दहा वर्षे चालला. १९३१ साली खालच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. प्रतिपक्ष अपिलात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने ते अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन काळापासून चालत आलेली वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही, असे न्यायालयाने ठरविले. सरकारी कागद, नगरपालिकेचे दप्तर, जुने साक्षीदार यांवर तो निकाल उभा राहिला. दहा वर्षे एका दाव्याचे कागद सांभाळणे, तारखांना हजर राहणे, हे काम तळ्याकाठच्या भाषणाइतके कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

या मधल्या काळात बाबासाहेब कायद्याचे शिक्षक झाले होते. १९२८ च्या जूनपासून काही महिने त्यांनी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकविले. १९३५ च्या मे अखेरीस माता रमाई गेल्या. नंतर अवघ्या काही दिवसांत, जूनमध्ये, ते त्याच कॉलेजचे प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक म्हणून रुजू झाले. आणि ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. एका वर्षात एवढे सगळे. १९३८ पर्यंत ते प्राचार्यपदावर होते.

१९३६ साली कायद्याच्या शिक्षणात काय सुधारणा हवी यावर त्यांनी आपले विचार लिहून मांडले. त्यांचा रोख असा की वकिलाला कायद्याची मूळ तत्त्वे कळली पाहिजेत, भोवतालच्या विषयांचे सामान्य ज्ञान पाहिजे, हकिगत क्रमवार मांडण्याची कला पाहिजे, आणि आपले म्हणणे स्वच्छ भाषेत सांगता आले पाहिजे. आत्मभान, संवादकौशल्य हे आजच्या प्राध्यापकांचे शब्द त्यांत शोधू नका. पण मुद्देसूद मांडणी शिकवा म्हणणे याचा अर्थ तुम्ही जाणता. अशील रडत, चिडत, उलटसुलट सांगतो. त्यातून हकिगत काढायची तर आधी सगळे ऐकावे लागते, आणि ऐकताना स्वतःचा राग मध्ये येऊ द्यायचा नसतो.

स्वतःचा राग बाबासाहेब कसा पाहत, याचा एक दाखला औरंगाबादच्या जवळचाच आहे. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून तेथील हौदाच्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. रमजानचे दिवस होते. पाणी बाटविले म्हणून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले, आणि पाहता पाहता जमाव जमला. स्थानिक अस्पृश्यांनाही शिव्या बसू लागल्या. शेवटी बाबासाहेबांनी त्या लोकांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाण्यापासून अडवाल काय? जमाव गप्प झाला. पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर पहारेकरी देऊन मगच किल्ला पाहू दिला गेला. हा प्रसंग त्यांनी लिहिला, तेव्हा आपला धीर सुटत आला होता आणि आपण जरा रागाच्या स्वरातच विचारले, हेही लिहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ही टिपणे १९९० साली छापून प्रसिद्ध झाली. दौलताबादला कधी गेलात तर मुलांना बरोबर न्या आणि हे सांगा.

घटना समितीतील दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. १७ डिसेंबर १९४६ रोजी अध्यक्षांनी त्यांना अचानक बोलावयास सांगितले. सभागृहात बहुमत काँग्रेसचे, वातावरण विरोधी. मुस्लिम लीग येईपर्यंत ठराव लांबवावा ही जयकरांची सूचना सभासदांना रुचली नव्हती, आणि बाबासाहेबांना तिचेच समर्थन करायचे होते. त्यांनी आरंभी आपल्या सर्वांचे एक होणे कसे अटळ आहे ते सांगितले, मग सबुरीने का घ्यावे ते सांगितले. विरोधी सभागृहाने शांतपणे ऐकले आणि टाळ्याही वाजविल्या. दुसरी गोष्ट २५ नोव्हेंबर १९४९ ची. तोवर मसुद्यावर सात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या होत्या आणि त्यांतील २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या होत्या. समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलेच, पण सतत आडवे प्रश्न विचारणाऱ्या कामत, के. टी. शहा, कुंझरू यांचेही आभार मानले. ते नसते तर कामाला रंग आला नसता, अशा अर्थाचे ते बोलले.

आणि मग औरंगाबाद. निजामी राजवट गेल्यानंतर मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नसल्यासारखीच होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० च्या जूनमध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन.

तुम्ही हे नाव रोज घेता. हा मिलिंद कोण? तो ग्रीक राजा, मोठा वादपटू, पंडितांना हरविण्यात भूषण मानणारा. त्याची भदंत नागसेनांशी गाठ पडली. संवादाला बसण्यापूर्वी नागसेनांनी अट घातली की बोलायचे तर पंडितांच्या रीतीने, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात गाठी सोडविल्या जातात, चूक दाखविली जाते, चूक कबूल केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली, प्रश्न विचारले, आणि पटले ते पटले म्हणून सांगितले. वादात हरलेल्या राजाचे नाव बाबासाहेबांनी विद्यालयाला दिले. ती बौद्धिक प्रामाणिकपणाची खूण म्हणून त्यांना प्रिय होती. माझ्या मते, कायद्याच्या विद्यार्थ्याला वादविवाद शिकविण्याआधी नागसेनांची ही अट फळ्यावर लिहून द्यावी.

तथागतांनी राहुलाला जो उपदेश केला तोही येथे आठवतो. आरशात तोंड पाहावे तसे प्रत्येक कृती, प्रत्येक शब्द, प्रत्येक विचार पाहावा. करण्यापूर्वी पाहावा, करताना पाहावा आणि केल्यावरही पाहावा. याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय, हे विचारावे. राहुल तेव्हा लहान होता. म्हणजे ही गोष्ट भिक्षूंच्या एकांतापुरती नाही, घरातल्या मुलालाही सांगता येते. उलटतपासणीला उभ्या राहणाऱ्या वकिलाला तर ती तीनदा उपयोगी पडते: प्रश्न तयार करताना, विचारताना आणि संध्याकाळी कागद आवरताना.

बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५६ च्या जूनमध्ये, मुंबईला सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षा झाली, आणि ६ डिसेंबरला ते गेले. औरंगाबादला त्यांच्या नावाचे विधी महाविद्यालय त्यानंतर निघाले.

तेथे किंवा दुसऱ्या कोठे शिकणारा तुमचा मुलगा, तुमची मुलगी सुटीत घरी येईल. तेव्हा अशिलांच्या मुलाखती पाहून लिहिलेल्या त्या वहीबद्दल विचारा. वकिलाने आधी काय विचारले, म्हातारीला बसायला खुर्ची दिली का, ती मध्येच थांबली तेव्हा तो गप्प राहिला की घड्याळ पाहू लागला, हे विचारा. म्हातारीचे नाव मात्र विचारू नका. ते सांगायचे नसते, हेही त्यांना शिकविलेले असते.